दरोडेखोर समोर उभा असता

दरोड्याची बातमी सकाळच्या वर्तमानपत्रात आली, की त्या दिवशी कचेरीत, बाजारात आणि आगगाडीच्या डब्यात एकच चर्चा चालते. ‘त्यांनी आरडाओरड का केली नाही?’ ‘घरात चौघे पुरुष असून स्वस्थ कसे बसले?’ ‘मी असतो तर...’ हे शेवटचे वाक्य बहुधा पुरे होत नाही, आणि ते पुरे करण्याची गरजही बोलणाऱ्यास वाटत नाही. मग एखादा वयस्क गृहस्थ उलट बाजू घेतो. ‘अहो, जीव वाचला हेच पुष्कळ. पैसा काय, पुन्हा मिळविता येतो.’ दोन्ही मते चहा संपेपर्यंत टिकतात. दोन्ही सुरक्षित जागी बसून बनविलेली असतात. आणि ज्या घरावर तो प्रसंग ओढवला त्या घरातील माणसांना त्या वेळी मत बनविण्यास चार पळांचाही अवधी मिळालेला नसतो.

असे असले तरी हा प्रश्न केवळ गप्पांचा नव्हे. स्मृतिकारांनी त्याचा विचार केला आहे, रोमन लोकांनी केला आहे, ज्यू धर्मशास्त्राने केला आहे, आणि दंडविधान रचणाऱ्यांना तर तो टाळताच येत नाही. ज्या अर्थी प्रसंगी विचाराला वेळ मिळत नाही, त्या अर्थी तो विचार आधीच करून ठेवणे शहाणपणाचे होय.

मराठीत परधन हरण करणाऱ्यास पुष्कळ नावे आहेत. भुरटा, उचल्या, खिसेकापू, घरफोड्या, वाटमाऱ्या, दरोडेखोर. ही नावे ठेवताना भाषेने चोरीच्या मालाची किंमत पाहिलेली नाही. चोर आणि धनी यांची गाठ कशी पडते, हे पाहिले आहे. खिसेकापू आणि धनी यांची गाठ पडतच नाही. घरफोड्याला ती टाळावयाची असते. म्हणून तो घर निजण्याची वाट पाहतो, आणि कोणी खाकरले तर बहुधा पळ काढतो. वाटमाऱ्या आणि दरोडेखोर यांचा धंदाच गाठ पडण्यावर चालतो. वस्तू कोठे आहे हे धन्याने सांगावे, कुलूप त्याने आपल्या हाताने उघडावे, यासाठी त्यांना धन्याच्या भीतीची आवश्यकता असते. कायद्याची व्याख्याही याच अंगाने जाते. चोरी करण्यासाठी किंवा माल नेण्यासाठी कोणास इजा केली, अडवून धरले, अथवा तत्काळ मृत्यूचे किंवा दुखापतीचे भय घातले, की ती जबरी चोरी होते. आणि असे करणारे पाच किंवा अधिक असले, की तो दरोडा होतो. म्हणजे दरोड्यात मालाइतकेच भयालाही महत्त्व आहे. धन्याने काय करावे, हा प्रश्नही त्या भयाशी कसे वागावे असाच आहे.

जुन्या कायद्यांतील एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. रोमच्या बारा पट्टांच्या कायद्यात, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात, रात्री चोरी करणाऱ्यास ठार मारणे वैध मानलेले होते. दिवसा मात्र चोराने शस्त्र चालविले तरच. ज्यूंच्या ‘निर्गम’ ग्रंथातही तोच भेद आहे. घर फोडताना चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवलेला असेल तर आहे. इतक्या दूरदूरच्या दोन समाजांना रात्र आणि दिवस यांत एवढे अंतर का दिसावे? अंधारात आलेला मनुष्य केवळ भांड्यांसाठी आला आहे की प्राणासाठी, हे धन्याला कळण्याचा मार्ग नसतो. हाक मारली तर शेजारी येईल याचा भरवसा नसतो. आणि चोर ओळखू आला नाही तर उद्या त्याला पकडून न्याय मागण्याची आशाही नसते. दिवसाउजेडी या तिन्ही गोष्टी पालटतात. तालमूदच्या पंडितांनी पुढे सूर्याचा अर्थच लाक्षणिक केला. चोर आपला जीव घेणार नाही, हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट असेल, तर त्याला मारता येणार नाही. उदाहरण त्यांनी मुलाच्या घरात शिरलेल्या बापाचे दिले आहे. बाप चोरी करील. पण मुलाविषयी त्याच्या पोटात माया असते.

आपल्याकडे मनूने आततायी चालून आला असता तो गुरू असो, बालक असो, वृद्ध असो की बहुश्रुत ब्राह्मण असो, विचार न करता त्याला मारावे असे सांगितले आहे. आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेतलेला, धन हरण करणारा, शेत बळकावणारा आणि स्त्री पळविणारा, असे सहा आततायी स्मृतीत मोजलेले आहेत. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात, अहिंसेच्या धर्माला अपवाद कोठे पडतो हे दाखविण्यासाठी हे वचन पुढे येते. स्मृतीच्या यादीत शस्त्रधारी आणि धन हरणारा हे एकाच पंक्तीला बसले आहेत, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजचा कायदा त्यांना एका पंक्तीला बसवीत नाही. नुसत्या चोरीसाठी चोराचा प्राण घेण्याचा अधिकार तो धन्याला देत नाही; चोरीबरोबर प्राणाचे किंवा जबर दुखापतीचे भय उत्पन्न झाले, तरच देतो.

हा आजचा कायदा ज्या मसुद्यातून आला तो मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली सरकारला सादर केला. मसुद्याला जोडलेल्या टिपणांत खासगी बचावाच्या हक्काविषयी एक टिपण आहे आणि ते आजही वाचण्यासारखे आहे. या देशातील लोक स्वसंरक्षणाचा अतिरेक करतील ही भीती आयोगाला वाटत नव्हती. ते स्वतःचे रक्षण फारच थोडे करतात, अशी त्याची तक्रार होती. दरोडेखोरांच्या टोळ्या येतात, छळ करतात, लुटून नेतात, आणि लोक ते मुकाट्याने सोसतात. तेव्हा या हक्कावर बंधने वाढविण्यापेक्षा लोकांत पुरुषार्थ जागा व्हावा हे बरे, असा त्या टिपणाचा आशय आहे. १८६० साली मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेत खासगी बचावाची कलमे एवढी उदार आढळतात, त्याचे एक कारण हे आहे.

मेकॉलेचे निरीक्षण खोटे होते असे नाही, पण अपुरे होते. लोक सोसतात हे त्याने पाहिले. ते कोणत्या व्यवस्थेचे अवशेष आहेत हे पाहिले नाही. मराठी मुलखाचेच उदाहरण घ्यावे. पेशवाईत गावच्या राखणीची जबाबदारी रामोशी, भिल्ल इत्यादी जागल्यांवर असे. चोरी झाली, की जागल्याने पावलांचा माग काढावयाचा; माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत गेला, की पुढची जबाबदारी त्या गावाकडे जावयाची; आणि माग लागला नाही तर नुकसान भरून देण्याचा प्रसंग राखणदारावर, क्वचित साऱ्या गावावर यावयाचा. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीची नोंद केलेली आहे. अशा व्यवस्थेत वाढलेल्या गृहस्थाने दरोडेखोरापुढे एकट्याने काठी उगारली नाही, तर त्याला केवळ भित्रा म्हणून चालणार नाही. प्रतिकार हे त्याचे एकट्याचे काम कधी नव्हतेच. पुढे ती व्यवस्था मोडली, १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यारे परवान्याखाली गेली, आणि पुरुषार्थ जागविण्याची भाषा मात्र कायद्याच्या टिपणात तशीच राहिली.

१ जुलै २०२४ पासून त्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बचावाच्या हक्काची कलमे तीत ३४ ते ४४ अशी आहेत. क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला. तो सामान्य माणसाला ठाऊक असावा अशा योग्यतेचा आहे. आपल्या शरीराचेच नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. जबरी चोरी करणाऱ्याविरुद्ध, किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडणाऱ्याविरुद्ध, प्रसंग पडल्यास हा हक्क त्याचा प्राण घेण्यापर्यंत जातो. म्हणजे रोमन पट्टांतील रात्र आपल्या कायद्यातही अद्याप मावळलेली नाही. परंतु बचावासाठी जरूर तेवढीच इजा करता येते, अधिक नाही. सरकारी संरक्षण मिळविण्यास अवसर असेल तर हक्कच उत्पन्न होत नाही. आणि जबरी चोरीच्या बाबतीत इजेचे किंवा तत्काळ इजेच्या भयाचे अस्तित्व असेपर्यंतच तो टिकतो.

यावर सामान्य माणूस विचारील, की गळ्याला सुरी लागली असता ‘जरूर तेवढीच’ इजा मोजावयाची कोणी? न्यायालयांनी या शंकेची बूज राखली आहे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात स्पष्ट केले, की हल्ल्याच्या क्षणी माणसाने वापरलेले बळ सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही. त्या क्षणी मन उद्विग्न असते, आणि मागाहून शांतपणे विचार करणाऱ्या न्यायाधीशाची मोजपट्टी त्याला लावणे अन्यायाचे होईल. पण त्याच निकालाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. तो खटला दरोड्याचा नव्हता. शेताच्या ताब्यावरून झालेल्या मारामारीचा होता. समोरचे लोक पळू लागल्यावरही ज्यांनी गोळ्या झाडल्या, त्यांना बचावाच्या हक्काचा आसरा मिळाला नाही. भय संपले की हक्क संपतो. सोन्याचा तराजू नको, हे खरे. पण पाठ फिरविलेला मनुष्य ओळखण्यास तराजूची गरज लागत नाही.

कायदा काय करू देतो, हे येथपर्यंत झाले. काय करावे, हे कायदा सांगत नाही. हक्क आहे म्हणून तो बजावलाच पाहिजे असे थोडेच आहे? या ठिकाणी अलीकडच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. दोन्ही आगगाडीतील आहेत.

पहिली २ सप्टेंबर २०१० च्या रात्रीची. रांचीहून गोरखपूरला जाणाऱ्या मौर्य एक्सप्रेसमध्ये, बंगालमधील चित्तरंजनजवळच्या जंगली भागात, दरोडेखोरांची मोठी टोळी शिरली. वृत्तपत्रांनी त्यांची संख्या तीस-चाळीस दिली. तलवारी, सुऱ्या, पिस्तुले घेऊन ते उतारूंचे दागिने, पैसे, फोन हिसकावू लागले. त्याच डब्यात विष्णू श्रेष्ठ नावाचा गुरखा सैनिक होता. फौजेची नोकरी आटोपून तो नेपाळला घरी निघाला होता, आणि त्याच्याजवळ त्याची खुकरी होती. लूट चालू असताना तो स्वस्थ बसून राहिला. पुढे टोळीतील काहींनी शेजारच्या एका तरुण मुलीवर आईबापांदेखत हात टाकला, तेव्हा मात्र तो उठला. त्या झटापटीत तीन दरोडेखोर मेले, आठ जखमी झाले, बाकीचे पळाले. त्याच्या हातालाही मोठी जखम झाली. पुढे त्याचा सन्मान झाला, आणि तो यथायोग्यच होता.

या घटनेचे वर्णन करताना लोक खुकरीचे आणि संख्येचे वर्णन करतात. चाळिसांविरुद्ध एक, हे ऐकावयास कोणाला आवडणार नाही? पण त्या आधीची मिनिटे गाळली जातात, आणि विचार करण्यासारखी खरी तीच आहेत. खुकरी त्या वेळीही त्याच्याजवळ होती. ती चालविण्याचे शिक्षणही होते. तरीही उतारूंचे दागिने जात असताना तो उठला नाही. भरलेल्या डब्यात, स्त्रिया-मुलांच्या गर्दीत, पिस्तुले रोखलेली असताना तो पैशासाठी उठला असता, तर पहिली गोळी कोणाला लागली असती, हे सांगता येत नाही. मुलीवर हात पडला तेव्हा हिशोब बदलला. जे जाणार होते ते पुन्हा मिळविता येणारे नव्हते. एकाच रात्री, एकाच माणसाने, तेच शस्त्र जवळ असता दोन निरनिराळे निर्णय घेतले आणि ते दोन्ही बरोबर होते. यांपैकी दुसऱ्याला शौर्य म्हणतात. पहिल्याला नाव नाही, म्हणून त्याची आठवण राहत नाही.

दुसरी घटना पुढच्याच वर्षीची. एप्रिल २०११ मध्ये राष्ट्रीय पातळीवर व्हॉलिबॉल खेळलेली अरुणिमा सिन्हा ही तरुणी लखनौहून दिल्लीकडे जात होती. बरेलीच्या जवळपास काही गुंडांनी तिच्या गळ्यातील सोन्याची साखळी हिसकावण्याचा प्रयत्न केला. तिने साखळी दिली नाही, झगडली. आणि तिच्या कथनाप्रमाणे त्यांनी तिला धावत्या गाडीतून बाहेर फेकले. शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीखाली तिचा पाय सापडला, आणि रात्रभर ती तेथेच पडून राहिली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोनच वर्षांनी, २१ मे २०१३ रोजी, कृत्रिम पायाने ती एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली.

साखळीसाठी एवढे करावयास नको होते, असे म्हणणारे पुष्कळ निघतील. हिशोबाने ते बरोबरही आहेत. साखळी आणि पाय यांची तुलनाच होत नाही. पण हिशोब करणाराने एक लक्षात घ्यावे. झगडताना तिच्यापुढे साखळी आणि पाय अशी निवड ठेवलेली नव्हती. साखळी द्यावी की देऊ नये एवढेच होते. पुढचे कृत्य गुंडांचे आहे. ज्याने प्रतिकार केला त्याने परिणाम ओढवून घेतला, असे बोलण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्या बोलण्यात दोष हळूच लुटारूच्या खांद्यावरून लुटल्या गेलेल्याच्या खांद्यावर सरकतो. ज्याने प्रतिकार केला नाही त्याला भित्रा म्हणतानाही नेमके हेच होते. दोघांनाही मागाहून प्रश्न विचारणारे तेच लोक असतात. डबा भरलेला असून मदतीला कोणी उठले नाही, असे अरुणिमाने सांगितले आहे. तिने काय करावयास हवे होते याची चर्चा करताना त्या बसून राहिलेल्यांकडे कोणी वळत नाही.

दरोडेखोराशी खोटे बोलावे की नाही, हा आणखी एक जुना प्रश्न. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगतो. कौशिकाचे सदैव सत्य बोलण्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने काही लोक त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत लपले. पाठोपाठ दरोडेखोर आले, आणि सत्यवादी म्हणून त्यालाच विचारू लागले. त्याने खरे सांगितले; लोक मारले गेले; आणि कौशिक नरकात गेला. कथाकाराने येथे मुळीच भीड ठेवलेली नाही. कपाट रिकामे आहे, घरात आणखी कोणी नाही, मुले गावाला गेली आहेत, असे दरोडेखोराला सांगणारी गृहिणी पापात पडते की काय, याची काळजी कोणी करू नये. व्यवहाराची अडचण निराळी आहे. खोटे उघडकीस आले तर समोरचा चिडतो. म्हणून वस्तूसाठी खोटे बोलण्याची जोखीम घ्यावी की नाही हा सावधगिरीचा प्रश्न झाला, आणि माणूस लपविण्यासाठी बोलावे की नाही हा प्रश्नच राहिला नाही.

महात्मा गांधींचे या विषयावरील विवेचन नेहमी अर्धेच सांगितले जाते. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये चोराचा दृष्टांत आहे. चोरासाठी दारे उघडी ठेवावी, त्याच्यावर दया करावी, म्हणजे तो एक दिवस पश्चात्ताप पावून वस्तू परत आणील, एवढाच भाग लोकांच्या ध्यानात आहे. आणि तो ऐकून ते हसतात. पण त्याच्या आधी त्यांनी अतिशय व्यवहारी असे एक निरीक्षण केले आहे. चोर बाप असेल तर मुलगा एक उपाय करील, ओळखीचा असेल तर दुसरा, दुबळा असेल तर तिसरा, आणि नखशिखान्त शस्त्रे घेतलेला बलवान मनुष्य असेल तर मुकाट्याने पडून राहील. बापाच्या बळापुढे तो दयेने रडेल, सशस्त्र माणसाच्या बळापुढे रागाने जळेल. पण दोन्ही ठिकाणी तो झोपेचे सोंगच घेईल. यात भोळेपणा कोठे आहे? तालमूदच्या पंडितांना जो बाप दिसला तोच येथेही दिसावा, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

शिवाय गांधीजींनी भित्रेपणाला अहिंसेचे नाव कधीच घेऊ दिले नाही. १९०८ च्या फेब्रुवारीत जोहान्सबर्ग येथे त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला होता. आपण तेथे असतो तर काय करावयास हवे होते, असे थोरल्या मुलाने पुढे विचारले. तेव्हा बळाचा उपयोग करूनही बापाचे रक्षण करणे हे तुझे कर्तव्य होते, असे त्यांनी उत्तर दिले. १९२० साली ‘यंग इंडिया’त त्यांनी हे स्वतः नमूद केले आहे. म्हणजे मौर्य एक्सप्रेसमधील गुरख्याला गांधीजींची संमती मिळाली नसती असे मानण्याचे कारण नाही.

हृदयपरिवर्तनाचा मार्गही आहे, आणि त्याला इतिहासाची साक्ष आहे. १९६० च्या मे महिन्यात, कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा एक म्हातारा चंबळच्या खोऱ्यात पायी हिंडला, आणि वीस बागी आपली हत्यारे त्याच्या पायाशी ठेवून शरण आले. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्यापुढे त्याहून कितीतरी अधिक आले. परंतु विनोबा त्या खोऱ्यात बागींना शोधीत गेले होते. रात्री दार फोडून बागी त्यांच्या घरात शिरले नव्हते. अंगुलिमालाकडे जाणाऱ्या भगवान बुद्धांनाही आपण कोणाकडे जात आहो हे ठाऊक होते. ज्याने वर्षानुवर्षे स्वतःला त्या योग्यतेला आणले त्याने तो मार्ग घ्यावा. पिस्तूल छातीला लागल्यावर प्रथमच उपदेश करण्याचे धाडस इतरांनी करू नये.

आणखी एका वर्गाचा विचार राहून जातो. आपले धन सोडून देणे सोपे आहे. दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्याने काय करावे? बँकेचा रोखपाल, पेट्रोल पंपावरचा मुलगा, पैसे वाहणाऱ्या मोटारीचा चालक, हे सर्व त्या अवस्थेत असतात. पूर्वी टपालाचा हरकारा घुंगरू बांधलेला भाला घेऊन जंगलातून धावे, आणि थैली सोडून पळणे त्याला लाजिरवाणे वाटे. ती निष्ठा मोठी होती यात संशय नाही. पण तिच्या जिवावर जे निर्धास्त झोपले, त्यांच्या मोठेपणाविषयी काय बोलावे? रोकड विम्याने भरून येते. रोखपालाच्या मुलांना बाप विम्याने मिळत नाही. सुरी दिसताच पैसे देऊन टाकावे, याबद्दल कोणाला नोकरीवरून काढले जाणार नाही, हे मालकाने आणि खात्याच्या वरिष्ठाने नोकराला आधीच, लेखी सांगून ठेवले पाहिजे. ते सांगितले नाही तर गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला दोन भये एकदम सोसावी लागतात, एक समोरच्या सुरीचे आणि दुसरे उद्याच्या चौकशीचे. आणि या दुसऱ्यापायी काही जण पहिल्याच्या अंगावर जातात.

घरातही असे बोलणे आधी झालेले असावे. कोणत्या वस्तू मागताच द्यावयाच्या हे ठरलेले असेल, तर नवरा नको म्हणतो आहे आणि बायको किल्ल्या पुढे करते आहे, असा घातकी गोंधळ होत नाही. लुटारूला घाई असते. त्याची घाई लवकर संपविणे हेच बहुधा घराच्या हिताचे. हात त्याला दिसतील असे ठेवावे, एकाएकी हालचाल करू नये, टक लावून पाहू नये. पण बोलण्याची ढब, चालण्याची लकब, गेलेली दिशा ध्यानात ठेवावी. तो गेल्यावर ११२ हा क्रमांक फिरवावा, आगगाडीत असल्यास १३९. आणि फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते, हद्दीचा वाद पोलिसांनी मागाहून मिटवावयाचा असतो, हे विसरू नये. माणसाला बांधून दूर नेण्याचा, कोंडण्याचा, स्त्रीवर किंवा मुलावर हात टाकण्याचा रंग दिसला, तर मात्र देण्याघेण्याची भाषा संपली असे समजावे. मग ओरडणे, पळणे, चावणे, हाती येईल ते फेकणे, यांत काहीच वर्ज्य नाही. आणि कायदा पाठीशी आहे.

या विषयाला एक काळोखी बाजूही आहे. दरोडेखोराची वाट पाहणाऱ्याला दरोडेखोर दिसू लागतात. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण पारध्याचे पाल गावाबाहेर पडले की गावाच्या कपाळाला आठी पडावयाची ती अद्याप पडते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जे घडले ते प्रतिकाराचेच विकृत रूप होते. टाळेबंदीचे दिवस होते. रात्री चोर आणि मुले पळविणारे हिंडतात अशी अफवा उठलेली होती, आणि गावोगाव पहारे बसले होते. पहाऱ्यावरच्या लोकांनी एक मोटार अडविली. तिच्यात दोन साधू आणि त्यांचा चालक होता. ते कोठे निघाले आहेत हे ऐकण्याइतकी उसंत जमावाला नव्हती. पोलीस आले, तरीही जमाव थांबला नाही, आणि तिघेही मारले गेले.

सरकारी संरक्षण हाताशी असता बचावाचा हक्क उरत नाही, हे कलम गावातील किती जणांना ठाऊक होते? त्या रात्री तर पोलीस समोर उभे होते, आणि मोटारीतील तिघांच्या हाती शस्त्र नव्हते. गस्त घालावी, काठ्या बाळगाव्या, शिट्ट्या द्याव्या. मेकॉलेला हवा होता तो पुरुषार्थ गावाने अवश्य दाखवावा. परंतु गस्तीला निघणाऱ्या तरुणांना काठी देतेवेळी, अडविलेल्या माणसाला प्रथम बसावयास सांगावे, नाव विचारावे, ठाण्याला कळवावे आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला कोणाचा हात लागू देऊ नये, एवढे त्यांच्याकडून वदवून घेतल्याशिवाय गावच्या पाटलाने आणि सरपंचाने त्यांना वेशीबाहेर सोडू नये.